इरम्माचा झीलकरी

गाणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. एक पुढं उभं राहून गाणं उचलणारी आणि दुसरी मागं उभं राहून ते धरून ठेवणारी. पुढच्याचं नाव गावोगाव होतं. मागच्याला झीलकरी म्हणतात आणि त्याचं नाव विचारण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. बेंबळगीचा बिरदेव हा असा जन्माचा झीलकरी होता.

बेंबळगी उमरग्याच्या खालच्या अंगाला. बाजारात भाव मराठीत विचारायचा आणि भांडण कानडीत करायचं, अशा पट्ट्यातलं गाव. मुलूख निजामाचा. गावाबाहेर ओढ्याच्या काठानं मांगवाडा होता, तिथं बिरदेव जन्मला. पोरवयात तो चुलत्याच्या तमाशाच्या फडाबरोबर हिंडला. चुलता पुढं हात उडवून गायचा आणि बिरदेव मागं कानावर हात ठेवून ‘जी जी रं जी’ ओढायचा. चुलत्याला फेटे मिळाले, शेले मिळाले, तुळजापूरच्या जत्रेत एकदा चांदीचं कडं मिळालं. बिरदेवला खोकला मिळाला. पण त्याची तक्रार नव्हती. त्याची झील कधी आधी पडली नाही, कधी मागं राहिली नाही, आणि यापलीकडं आपलं काही असावं असं त्याला वाटतही नव्हतं.

एकदा चुलत्याचा घसा बसला, तेव्हा फडातल्यांनी बिरदेवलाच पुढं ढकललं. गाणं सगळं पाठ होतं. पण गडी तोंड उघडून उभा राहिला तो उभाच. पहिली ओळ बाहेर येईना. लोक शिट्ट्या घालायला लागले. अखेर मागच्या साथीदारानं घाबरून ‘जी जी’ सुरू केलं, आणि हा पठ्ठ्या चटकन वळून त्याच्यातच सामील झाला. ही गोष्ट वस्तीत पुढं कितीतरी वर्षं सांगत, आणि सांगताना बिरदेव स्वतःही हसायचा.

मग त्याचं लग्न झालं. बायको इरम्मा आळंदच्या बाजूची, कानडी बोलीत वाढलेली. बिरदेवहून अर्धं डोकं उंच. आवाज असा की ओढ्यापलीकडच्या म्हशी मान वर करून बघायच्या. दोघांचा धंदा दोर वळायचा. दोर वळायला दोन माणसं लागतात. एकानं जागेवर बसून लाकडी फिरकी फिरवायची आणि दुसऱ्यानं हातातला वाख, म्हणजे घायपाताचा सोललेला धागा, थोडा थोडा सोडत मागं मागं सरायचं. इरम्मा फिरकीवर बसायची, बिरदेव मागं सरायचा. ती बसल्या जागेवरून काहीबाही म्हणायची आणि हा लांबून उत्तर द्यायचा. कासरा असला तर हळू बोलून भागायचं, पण विहिरीचं चऱ्हाट वळताना बिरदेव पार वस्तीच्या टोकाच्या चिंचेपर्यंत जायचा आणि तिथून ओरडायचा. गावचे अण्णाराव पाटील येता जाता म्हणायचे, “बिरदेवा, दुसऱ्याच्या बायका नवऱ्याच्या मागं चालतात. तू बायकोपासून मागं मागं चालतोस, बाबा.”

तिसाव्या सालाच्या आगंमागं सोलापूरच्या बाजूनं मिशनचे एक उपदेशक वस्तीत यायला लागले. पोक्त गृहस्थ, पायी यायचे, लिंबाखाली सतरंजी टाकून बसायचे. कुणाला ताप असला तर कडू गोळी द्यायचे आणि गोळी उतरेपर्यंत येशूची गोष्ट सांगायचे. पहिल्या दिवशी इरम्मा लांब उभी राहिली, दुसऱ्या खेपेला सतरंजीच्या कडेला बसली आणि पुढच्या उन्हाळ्यात बाप्तिस्मा घेते म्हणाली. आपल्या हातचं पाणी पिऊन कुणी आपल्याला जवळ घेतंय, एवढं तिला पुरलं. अर्धी वस्ती तिच्यापाठोपाठ निघाली. बिरदेवचं वेगळं मत विचारायचं कुणाला सुचलं नाही. इरम्मा ओढ्यात आधी उतरली, हा मागनं उतरला. उपदेशकांनी तिचं नाव मार्था ठेवलं आणि याचं बर्णबा. इरम्मा पदर पिळत म्हणाली, “कागदावर मार्था लिव्हा सायेब, पर हाक मारायची तर इरम्माच म्हना. न्हाईतर म्या वळून बघनार न्हाय.” बर्णबा हे नाव तर बिरदेवच्या अंगाला कधी चिकटलंच नाही.

वस्तीनं हातानं माती उचलून एका खोलीचं प्रार्थनाघर बांधलं, वर पत्रा घातला. उपदेशक महिन्यातून एकदा यायचे. एरवी रविवारी ही मंडळी आपली आपणच बसायची. वाचता कुणालाच येत नव्हतं. उपदेशकांनी शिकवलेली पुस्तकातली गाणी आठवडाभरात निम्मी विरून जायची. चाल राहायची, शब्द जायचे. तेव्हा इरम्मानं आपली वाट काढली. पुस्तकातली एकच गोष्ट तिनं घट्ट धरली होती, ती म्हणजे देवाची स्तुती करायची. कशाबद्दल करायची ते तिला वस्तीत मिळत होतं.

शनिवारी सांजेला बाया तिच्या दारात यायच्या आणि आपापलं कारण सांगून जायच्या. त्याला कारणच म्हणायचे. “इरम्माक्का, माजं बी येक कारन घे गं.” रविवारी प्रार्थना झाली की इरम्मा खिडकीजवळच्या आपल्या जागी उभी राहायची, श्वास घ्यायची आणि उचलायची:

“विठाबाईच्या शेळीला दोन करडं झाली...”

भिंतीपाशी बसलेला बिरदेव कानावर हात ठेवून झील धरायचा आणि सगळं घर त्याच्या आवाजात मिसळायचं:

“देवा, तुझी स्तुती!”

“ओढ्याच्या विहिरीला पानी चढलं...”

“देवा, तुझी स्तुती!”

“दामाजीचा पाय जमिनीला टेकला...”

“देवा, तुझी स्तुती!”

उपदेशकांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा कडू गोळी खाल्ल्यागत झाला. देवाच्या गाण्यात शेळी? करडं? पण माणूस शहाणा होता. त्यानं गाणं चालू दिलं. आणि पुढं त्यांच्या मुलीचं लग्न जमलं, तेव्हा जाता जाता दारात रेंगाळून म्हणाले, “इरम्माबाई, जमलं तर आमचंही एक कारण घ्या.”

कारणांवरून रुसवेफुगवेही व्हायचे. माझ्या गाईचं घेतलं नाही, तिच्या शेळीचं घेतलं, असं. पण इरम्मा कुणाला सोडायची नाही. आणि माणूस मेलं की पुरताना ती त्या माणसाची कारणं म्हणायची. ही त्या वस्तीतच पडलेली रीत. दुसरीकडच्या ख्रिस्ती लोकांत असं काही नव्हतं. भल्या माणसाचं सोपं असतं. पण सिद्धेश्वर मेला, तेव्हा पंचाईत झाली. जन्मभर प्यायला, बायकोला मारलं, भावाचं भांडं विकलं. खड्ड्याभोवती सगळे इरम्माच्या तोंडाकडं बघत राहिले, आता ही बया काय म्हणते म्हणून. तिनं बराच वेळ घेतला. मग म्हणाली:

“वाटेतला काटा दिसला की सिद्धेश्वर वाकून उचलायचा...”

आणि ते खरं होतं. प्यालेला असला तरी उचलायचा. त्याची बायको तोवर कोरडी उभी होती, ती तिथं रडली. बिरदेवनं झील धरली, “देवा, तुझी स्तुती,” आणि माती लोटली.

त्यांना स्वतःला दोन लेकरं झाली. पहिलं जन्मतःच गेलं. दुसरी मुलगी, ती आठवडाभर जगली. त्या रविवारी इरम्मा ओली बाळंतीण प्रार्थनाघरात आली. सगळ्यांना वाटलं, आज काही ही उठत नाही. ती खिडकीजवळ उभी राहिली.

“आठ दिस मांडी भरली...”

बायांचे हुंदके फुटले. उत्तर द्यायला कुणाचं तोंड उघडेना. बिरदेवनं दिलं. रोजच्या सुरात, रोजच्या जागेवर, “देवा, तुझी स्तुती.” नंतर विठाबाई, शेजारची म्हातारी, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “बिरदेवा, काळीज लई मोठं रं तुजं.” बिरदेव ओशाळला. काळीज वगैरे त्यात काही नव्हतं. तिनं ओळ टाकली, यानं झील धरली. ती काय म्हणाली हे त्यानं नीट ऐकलंही नव्हतं. ते त्याला दोन दिवसांनी, वाख सोलताना ऐकू आलं आणि तो हातातलं काम टाकून ओढ्याकडं निघून गेला.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. मोगलाईत, म्हणजे निजामाकडं, राहायचं की हिंदुस्थानात जायचं, यावरून वर चाललेली ओढाताण खाली गावागावांत धास्ती होऊन उतरली. रझाकार येणार अशी हूल आज या गावात, उद्या त्या गावात. पाटलांचं घर आधीच सरहद्दीपलीकडं गेलं होतं. वैशाखात एके दिवशी दुपारी कुणीतरी ओरडत आलं आणि वस्तीनं भाकऱ्या तव्यावर टाकून पळ काढला. पुढं कळलं की बेंबळगीला कुणी आलंच नव्हतं. पण तोवर सगळे सोलापूरच्या हद्दीतल्या छावणीत पोचले होते, आणि परत फिरायची हिंमत कुणाची होईना.

छावणीत गोणपाटाची पालं होती आणि एका विहिरीवर सारी गर्दी. तिथंही शनिवारी बाया इरम्माच्या पालापुढं यायच्या. कारणं कमी झाली होती. “जीव वाचला” हे एकच सगळ्या सांगायच्या. इरम्मा वैतागून म्हणायची, “अय्यो, ते झालं की मागल्या ऐतवारी. दुसरं काय तरी बघा.” आणि स्वतःच हिंडून शोधून आणायची. पलीकडच्या पालातल्या अनोळखी बाईनं मीठ दिलं. पोरांना चिखलात खेकडे घावले. रविवारी पालांच्या मधल्या जागेत स्तुती व्हायची आणि छावणीतले इतर लोक कौतुकानं बघत बसायचे.

आखाडात पटकीची साथ आली. इरम्माला सकाळी उलटी झाली, दुपारी डोळे आत गेले, दिवस कलायच्या आत ती गेली. मरताना ती काही बोलली नाही. बोलायला अंगात पाणीच उरलं नव्हतं. बिरदेव तिचे पाय चोळत होता. पाय गार झाल्यावरही चोळत राहिला, तेव्हा कुणीतरी त्याचे हात बाजूला केले.

छावणीमागच्या एका पडीक रानाच्या कोपऱ्यात खड्डा खणला. वस्तीतली सगळी माणसं आली. वस्तीतल्या वडीलधाऱ्या दामाजीनं प्रभूची प्रार्थना म्हटली, सगळे आमेन म्हणाले. आणि मग सगळे थांबले.

थांबले म्हणजे नेहमीप्रमाणे थांबले. प्रार्थनेनंतर गाणं, अशी रीत. बायांनी पदर सावरले. बिरदेवनं कानावर हात ठेवला. वारा सुटला होता, कुणीतरी खोकलं. गाणं काही सुरू होईना. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. विठाबाईला त्या वर्षापासून डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. ती मोठ्यानं म्हणाली, “अगं, इरम्माला कुनी तरी हाक मारा की. कुटं ऱ्हायली?”

कुणी रडलं नाही, कुणी तिला गप्प केलं नाही. प्रत्येकाच्या मनात तेच होतं. सगळी वस्ती इरम्माच्या खड्ड्याभोवती उभी राहून इरम्माची वाट बघत होती. बिरदेवचा हात कानावरच राहिला. ओळ येईल, मग आपण धरू. ओळ आली नाही. मग दामाजी वाकला आणि त्यानं पहिली ओंजळ माती टाकली. इरम्मा गाण्यावाचून मातीत गेली. एकही कारण तिच्या वाट्याला आलं नाही.

भाद्रपदात हिंदुस्थानचं लष्कर आलं, निजामी संपली. लोक नाचले, पेढे वाटले. वस्ती परत बेंबळगीला आली. बिरदेवही आला. घर होतं तसं होतं, शेळी तेवढी कुणीतरी नेली होती. दाव्याचा तुकडा खुंट्याला होता. त्यानं तो सोडून ठेवला. शेळीचं वाईट वाटायला हवं, असं त्याला वाटलं. वाईट मात्र वाटलं नाही.

फिरकी त्यानं खुंटीला टांगली. एकट्यानं दोर वळता येत नाही. विठाबाईचा जावई म्हणाला, मी बसतो फिरकीवर. बिरदेव म्हणाला, बघू. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. शिंदीची पानं आणून तो केरसुण्या बांधायला लागला. ते काम एकट्याचं असतं. अण्णाराव पाटील परतले होते. ते म्हणाले, “अरे, विहिरीचं चऱ्हाट झिजलं. तुझ्या हातचं पायजे.” बिरदेवनं त्यांना दोन केरसुण्या दिल्या. पाटील त्या घेऊन गेले.

माणसानं ऊर बडवावा, देवाला शिव्या द्याव्यात, निदान चार दिवस उपाशी राहावं. वस्तीची तशी तयारी होती, बाया समजूत घालायला सरसावून बसल्या होत्या. बिरदेवनं कुणाला ती संधी दिली नाही. तो उठायचा, भाकरी भाजायचा, खायचा. विचारलं तर “बरं हाय” म्हणायचा. रविवारी प्रार्थनाघर झाडून घ्यायचा आणि भिंतीजवळच्या आपल्या जागी बसायचा. खिडकीजवळची जागा रिकामी असायची. प्रार्थना व्हायची, आमेन व्हायचं, आणि मग सगळे गाण्याइतका वेळ गप्प बसायचे. मग कुणीतरी उठायचं, की सगळे उठायचे. शनिवारी त्याच्या दारात कुणी येत नव्हतं. कारणं असतील, पण ती ज्याची त्याच्याजवळ राहत होती.

जुने उपदेशक दमले होते. त्यांच्या जागी मिशननं नवा पाळक धाडला, शीलास रणदिवे. कोवळा माणूस, सायकलवर यायचा, पिशवीत गाण्याचं पुस्तक. आवाज गोड. तो एक ओळ म्हणायचा आणि “माझ्या मागून म्हणा” असं सांगायचा. लोक शाळेतल्या पोरांसारखे म्हणायचे आणि तो गेला की विसरायचे. त्याला वस्तीचा लळा लागला होता, म्हणून त्याला या लोकांच्या गप्प बसण्याचं वाईट वाटायचं.

पुढचा आखाड तोंडावर आला, तेव्हा बिरदेव एके दुपारी आपणहून त्याच्यापाशी आला. रणदिवे लिंबाखाली सायकल पुसत होते.

“या बर्णबा, बसा.”

बिरदेवनं मागं वळून पाहिलं. मग ते आपलंच नाव असल्याचं त्याच्या ध्यानात आलं आणि तो बसला.

“सायेब, येक इचारू का? आमच्या इरम्माच्या मातीला गानं झालं न्हाय. आता म्हटलं तर चालंल का?”

रणदिव्यांनी फडकं खाली ठेवलं. “बर्णबा, गेलेल्या माणसाला गाणं पोचवावं लागत नाही. ती केव्हाच देवाजवळ गेली. गाणं देवासाठी असतं. आपण स्तुती करतो ती त्याची.”

“व्हय. जुने सायेब बी हेच सांगायचे.” बिरदेव जमिनीवर बोटानं रेघ ओढत राहिला. “पर मला देवाला म्हनायला काय बी न्हाय.”

“राग आलाय का देवाचा?”

बिरदेवनं खरंच विचार केला. पाळकाला खोटं सांगू नये, एवढं त्याला कळत होतं. “राग न्हाय. काय बी न्हाय. जेवतो, पर मीठ कमी का जादा कळत न्हाय. तिची आठवन येती म्हनावं, तर ती बी येत न्हाय. नुसतं बसल्यागत वाटतंय.” ओढलेली रेघ पुसून तो म्हणाला, “आनि सायेब, म्या जलमभर स्तुती केली का नुसतं मागं म्हटलं, हे बी मला आता उमजंना.”

रागावलेल्याला काय सांगायचं, शंका घेणाऱ्याला काय सांगायचं, हे रणदिवे शिकून आले होते. याला काय सांगायचं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण एक चांगलं केलं त्यांनी, घाईघाईनं एखादं वचन त्याच्या अंगावर फेकलं नाही. म्हणाले, “पुढच्या रविवारी आपण तिची आठवण करू. तुम्ही पुढं म्हणा.”

“मला पुढं येत न्हाय.”

“मग मी म्हणतो. तिची कारणं तुम्ही सांगा, मी ओळी जुळवतो.” त्यांनी कागद काढला. “सांगा. कशा होत्या इरम्माबाई?”

“चांगली व्हती.”

“आणखी?”

“उंच व्हती.” बिरदेवनं आठवून पाहिलं. “फिरकी फिरवायची.”

रणदिवे पेन्सिल धरून थांबले. बिरदेवचं कपाळ घामानं ओलं झालं. वीस-बावीस वर्षांचा संसार, आणि खणून खणून त्याच्या हाताला एवढंच लागत होतं. तो केविलवाणा होऊन म्हणाला, “कारनं तिच्याकडं असायची, सायेब. आमच्याकडं नुस्ती स्तुती.”

रणदिव्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि घरी जाऊन जमेल तशा ओळी जुळवल्या.

रविवारी प्रार्थनाघर भरलं. बाया डोक्यावरून पदर घेऊन बसल्या. वस्तीबाहेरचे अण्णाराव पाटीलही दारापाशी येऊन उभे राहिले, आत काही आले नाहीत. खिडकीजवळची जागा मोकळी होती. दामाजीची प्रार्थना झाली, आमेन झालं. रणदिवे उभे राहिले, कागद उलगडला आणि त्यांनी गोड आवाजात सुरू केलं:

“सुशील गृहिणी, सेवाभावी, मार्था भगिनी थोर...”

लोक ऐकत होते. उत्तर कुणी दिलं नाही. विठाबाईनं शेजारणीला विचारलं, आणि म्हातारीचं विचारणं म्हणजे सगळ्या घराला ऐकू गेलं, “ही मार्था कोन म्हनायची? कुठल्या गावची?”

रणदिव्यांचे कान लाल झाले. त्यांनी कागदाकडं पाहिलं आणि तो खाली घेतला. प्रार्थनाघरात तीच शांतता पसरली, खड्ड्याभोवती पसरली होती ती. पत्रा उन्हानं कडकडत होता. सगळे वाट बघत होते आणि कशाची ते सगळ्यांना ठाऊक होतं.

बिरदेवचा हात कानावर गेला. त्यात त्याचा विचार असा काही नव्हता, शांतता झाली की हात जायचा. डोळे खिडकीकडं गेले. तिथं ऊन पडलं होतं, बाकी काही नव्हतं. इरम्मा आधी श्वास घ्यायची. मग ओळ. ओळ किती लांब असते ते बिरदेवला पक्कं माहीत होतं. शब्द नव्हते ठाऊक, कधीच नसायचे. पण ती कुठं सुरू होते, कुठं वर चढते, कुठं येऊन थांबते हे त्याच्या अंगात होतं, चिंचेपर्यंत मागं सरताना दोर किती झाला हे जसं न बघता कळायचं तसं. छावणीत तो ओळ ऐकू यायची वाट बघत राहिला होता. आज त्यानं फक्त ती संपायची वाट पाहिली. ती संपली, आणि त्याचा घसा आपला आपण उघडला:

“देवा, तुझी स्तुती.”

वर्षभर गाण्याला न वापरलेला आवाज. चिरका निघाला. माना वळल्या. रणदिव्यांच्या जिवात जीव आला. त्यांना वाटलं, चला, गाडी रुळावर आली. माझी ओळ झाली, म्हातारबुवांनी उत्तर दिलं, आता पुढची टाकावी. त्यांनी कागद सावरला, तोंड उघडलं.

बिरदेवनं उभ्या जन्मात कुणाला अडवलं नव्हतं. साहेबलोकांपुढं तर त्याची मान वर व्हायची नाही. त्यानं दुसरा हात वर केला.

“थांबा सायेब. तिचं म्हनून हू द्या.”

रणदिवे थांबले. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि तेही खिडकीकडं बघायला लागले. कुणी हललं नाही. बिरदेव कानावर हात ठेवून ऐकत होता. बाया ऐकत होत्या. दारात पाटलांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. एका ओळीइतका वेळ गेला, ना कमी ना जास्त, आणि ती कुठं संपली हे कुणालाही सांगावं लागलं नाही. वस्तीतल्या साऱ्या गळ्यांतून एकदम आलं:

“देवा, तुझी स्तुती!”

त्या आवाजात बिरदेवचा आवाज मात्र नव्हता. जन्मात पहिल्यांदा त्याची झील मागं राहिली. सगळे थांबल्यावर ती आली, एकटी आणि मोडकी, कारण त्याला रडू फुटलं होतं.